सोळा सेकंदांची तफावत

२००५ साली बीबीसीच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसनने एक प्रयोग केला. प्लेस्टेशनवर 'ग्रॅन टुरिस्मो ४' लावला, होंडा एनएसएक्स निवडली आणि कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकची एक फेरी १ मिनिट ४१ सेकंदांत पूर्ण केली. मग तो खऱ्या लगुना सेकावर गेला, खऱ्या एनएसएक्समध्ये बसला आणि बराच आटापिटा करून १ मिनिट ५७ सेकंदांपर्यंत पोचला. तफावत सोळा सेकंदांची. एकाच प्रकारच्या गाड्यांच्या शर्यतीत पात्रता फेरीतल्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीतही सहसा इतकं अंतर नसतं.

क्लार्कसनने दिलेली कारणं सरळ होती. त्या ट्रॅकवर 'कॉर्कस्क्रू' नावाचं प्रसिद्ध वळण आहे. चढ चढून आल्यावर पुढचा रस्ता दिसेनासा होतो आणि गाडी एकदम पाच-साडेपाच मजले खाली उतरते. टीव्हीसमोर सोफ्यावर बसून तिथे उशिरा ब्रेक मारायला काही वाटत नाही. खऱ्या गाडीत पाय आपोआप आधीच ब्रेकवर जातो. शिवाय खरे ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. खेळातल्या ब्रेकना तो त्रास नव्हता. म्हणजे चूक थोडी खेळाची, थोडी माणसाची. यातली कोणती किती, हा प्रश्न मात्र तेव्हाच वीस वर्षं जुना झाला होता.

त्याच्याही आधीच्या खेळांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. नाम्को कंपनीचा 'पोल पोझिशन' १९८२ साली आला. त्यात जपानमधला फुजी स्पीडवे होता, शर्यतीआधी पात्रता फेरी होती, सेकंद मोजणारं घड्याळ होतं. गाडी मात्र नुसतं चित्र होती. वळण आलं की ते चित्र बाहेरच्या बाजूला ढकललं जायचं, खेळणारा ते आत ओढायचा. तिला वजन नव्हतं, चाकं केवळ दिसण्यापुरती होती. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत पोरं ज्या 'रोड रॅश' आणि 'नीड फॉर स्पीड'वर तासचे तास घालवायची, ते खेळही मनाने याच घराण्यातले. मजा भरपूर, पण रस्त्यावरच्या गाडीशी नातं लांबचं.

खरं नातं जोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. तो करणारा माणूस मोटारींच्या जगातला नव्हताच. जेफ क्रॅमंड हा भौतिकशास्त्र शिकलेला, मार्कोनी कंपनीत नोकरी करणारा इंजिनिअर. बीबीसी मायक्रो या शाळाशाळांतून पोचलेल्या संगणकासाठी त्याने आधी 'एव्हिएटर' हा विमान उडवण्याचा खेळ लिहिला होता. संगणक बनवणारी अकॉर्न कंपनी त्या सुमारास डेव्हिड हंट या फॉर्म्युला थ्री ड्रायव्हरला पैसे पुरवत होती. डेव्हिड म्हणजे जगज्जेता जेम्स हंटचा धाकटा भाऊ. गाडी आपल्या पैशाची, संगणक आपला, मग त्या गाडीचा खेळ का नको? या हिशेबातून 'रेव्ह्ज' जन्माला आला. गाडी राल्ट आरटी३, ट्रॅक सिल्व्हरस्टोन, आणि हे सगळं ३२ किलोबाइट मेमरीत. आजच्या फोनवरचा एखादा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

तेवढ्या जागेत क्रॅमंडने इंजिनाची ताकद, गिअर, टायरची पकड आणि पंखांचा दाब बसवला. पुढच्या-मागच्या पंखांचा कोन खेळणाऱ्याने ठरवायचा. कोन वाढवला की वळणावर गाडी चिकटून राहते, सरळ रस्त्यावर मात्र वेग कमी होतो. गाडी आपटली की इंजिन बंद, ते पुन्हा चालू करायचं. बहुतेकांना पहिली फेरीसुद्धा धड पूर्ण करता येत नसे. आर्केडमध्ये पॅडल दाबून धरण्याची सवय लागलेल्या मुलांना प्रथमच कळलं, की अॅक्सिलरेटर दाबल्याने गाडी कधीकधी हळू होते.

अमेरिकेत अटारीच्या लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या १९८९ च्या 'हार्ड ड्रायव्हिन'' या आर्केड यंत्रात खरी बैठक होती, किल्ली होती, क्लच होता, चार गिअर होते आणि हाताला उलट जोर देणारं स्टिअरिंग होतं. रस्त्यावर उभा वर्तुळाकार वळसा आणि गाय यांसारख्या गमतीही होत्या, पण आतलं गणित गमतीचं नव्हतं. त्यासाठी अटारीने डग मिलिकन याला सल्लागार म्हणून घेतलं होतं. त्याचे वडील विल्यम मिलिकन विमानविद्येतले इंजिनिअर. विमान हवेत स्थिर कसं राहतं याचं जे गणित होतं, ते १९५० च्या दशकात बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीला लावलं. गाडीच्या हाताळणीचं आधुनिक शास्त्र तिथूनच उभं राहिलं. बापलेकांनी मिळून लिहिलेलं जाडजूड पुस्तक १९९५ मध्ये आलं आणि रेसिंग इंजिनिअरांच्या टेबलावर ते आजही असतं. नाणं टाकून खेळायच्या यंत्रात हे शास्त्र त्याच्या सहा वर्षं आधी शिरलं होतं.

सगळ्याचं मूळ टायर. पाचशे किलोची असो वा दीड टनाची, गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांनी काहीही करायचं ठरवलं, तरी ते या चार ठिकाणांमार्फतच होतं. आणि रबर वागतं विचित्र. वळताना चाक ज्या दिशेला तोंड करून असतं, गाडी नेमकी त्या दिशेला जात नाही. दोन्हींत काही अंशांचा कोन पडतो. हा कोन वाढत जातो तशी पकडही वाढते, एका टोकाला पोचते आणि मग घटू लागते. वेगवान ड्रायव्हर त्या टोकाच्या आसपास राहतो. अलीकडे राहिला तर वेळ जातो, फार पलीकडे गेला तर गाडी जाते. त्यात भर म्हणजे ब्रेक मारला की वजन पुढे येतं, वेग वाढवला की मागे जातं, वळलं की बाहेरच्या चाकांवर पडतं. वजनाबरोबर पकड वाढते, पण वजनाइतकी नाही. टायर तापला, झिजला, त्यातली हवा बदलली, की हे सगळे आकडे पुन्हा बदलतात.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पाचेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या वागण्याला बसेल असं एक सूत्र मांडलं. ते 'मॅजिक फॉर्म्युला' या नावाने ओळखलं जातं. त्यातली जादू एवढीच, की रबराच्या आत काय घडतं याच्या मुळाशी न जाता चाचणीत मिळालेल्या आलेखाला ते नेमकं बसतं. पुढच्या काळात कितीतरी सिम्युलेटर याच सूत्रावर चालले. पण जे आलेखाला बसतं, ते आलेखाच्या पलीकडे बसेलच असं नसतं. चाचणीयंत्रावर टायर काही अंशांपर्यंत वळवून मोजतात. गाडी पूर्ण आडवी घसरताना टायर काय करतो, याचे आकडे फारसे कुणाकडे नसत. त्यामुळे अनेक खेळांत गाडी मर्यादेपर्यंत छान चालायची आणि मर्यादा ओलांडली की साबणावरून गेल्यासारखी सुटायची. लॅपची वेळ खऱ्या गाडीशी जुळायची, कारण चांगली लॅप मर्यादेच्या आतच पूर्ण होते. चूक झाल्यावर सावरताना मात्र खोटेपणा उघडा पडायचा. सिम्युलेटर पारखायचा तर घड्याळाकडे कमी आणि घसरणाऱ्या गाडीकडे जास्त बघावं, हे जाणकारांना तेव्हापासून कळलेलं आहे.

घड्याळावर विश्वास न ठेवण्याचं आणखी एक कारण होतं, ते जरा गमतीचं. क्रॅमंडने १९९० च्या दशकात 'फॉर्म्युला वन ग्रां प्री' आणि मग १९९४ च्या मोसमावर बेतलेला 'ग्रां प्री २' हे खेळ काढले. दुसऱ्यात स्प्रिंग, डॅम्पर, गाडीची जमिनीपासूनची उंची इथपर्यंत सगळं बदलता यायचं. पण त्या काळच्या पीसीला इतकं गणित झेपत नसे. अशा वेळी क्रॅमंडने चित्र तुटू देण्याऐवजी खेळातली वेळच मंद केली होती. एक कळ दाबली की प्रोसेसरवर किती टक्के भार आहे ते पडद्यावर दिसे. तो शंभराच्या वर गेला, की खेळातला एक सेकंद भिंतीवरच्या घड्याळाच्या एका सेकंदाहून लांब होई. म्हणजे ज्याचा संगणक जुना, त्याला विचार करायला वेळ जास्त आणि त्याची लॅप वेगवान! एकमेकांशी वेळांची स्पर्धा करणाऱ्यांना म्हणूनच हा भाराचा आकडा तपासावा लागे.

तरीही या खेळांचा उपयोग खऱ्या शर्यतीत झाला. १९९६ मध्ये जॅक व्हिलनव्ह फॉर्म्युला वनमध्ये नवखा होता आणि बेल्जियमचा स्पा ट्रॅक त्याला अनोळखी. त्याने तो आधी कॉम्प्युटर गेमवर पाठ केला आणि पात्रता फेरीत पहिला आला. शर्यत शूमाकरने जिंकली, हे वेगळं. व्हिलनव्हला खेळाने गाडी कशी हाताळायची ते शिकवलं नव्हतं. कोणत्या वळणानंतर कोणतं वळण येतं, एवढंच शिकवलं होतं. जगज्जेतेपदाच्या दावेदाराला तेवढं पुरेसं होतं.

या सगळ्या वाटचालीत सर्वांत धाडसी काम केलं ते अमेरिकेतल्या पॅपिरस कंपनीने. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी या दोघांनी १९८७ मध्ये ती सुरू केली. 'इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन' हा १९८९ चा त्यांचा खेळ गाजला, पाठोपाठ इंडीकार आणि नॅस्करच्या शर्यतींवरचे खेळ चांगले खपले. मग केमरने १९६७ चं फॉर्म्युला वन निवडलं. बाजाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच होता. पण निवडीमागे विचार होता. त्या वर्षी गाड्यांना पंख नव्हते. ते पुढच्या वर्षी आले. इंजिनं मात्र तीन लिटरची, चारशेच्या आसपास अश्वशक्तीची, आणि गाडीचं वजन पाचशे किलोच्या घरात. हवेचा दाब गाडीला रस्त्यावर चिकटवून धरत नव्हता, त्यामुळे गाडी टिकायची ती केवळ टायर आणि ड्रायव्हरच्या जोरावर. जिम क्लार्क, डॅन गर्नी, ग्रॅहम हिल ही मंडळी गाडी थोडी आडवी घसरवतच वळणं घेत. ज्याला टायरचं गणित बरोबर जमलंय की नाही हे पाहायचं आहे, त्याच्यासाठी यापेक्षा कठीण परीक्षा नव्हती.

'ग्रां प्री लेजंड्स' १९९८ मध्ये आला. लोटस ४९, फेरारी, ईगल, ब्रॅबहॅम या गाड्या त्यात होत्या. होंडा आणि कूपरचं नाव वापरण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून 'मुरासामा' आणि 'कॉव्हेन्ट्री' ही नावं घालून तो प्रश्न मिटवला. जुनं स्पा, मॉन्झा, रुआँ आणि सगळ्यांचा बाप असलेला नुर्बुर्गरिंगचा २२.८ किलोमीटरचा डोंगरी वळसा, असे ट्रॅक होते. विकत घेऊन घरी आणणाऱ्या बहुतेकांची पहिली संध्याकाळ सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या वळणापर्यंत गेली. दुसऱ्या गिअरमध्ये पॅडल जरा जास्त दाबलं की गाडी स्वतःभोवती फिरायची. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला हा खेळ दुकानांत फारसा चालला नाही.

तक्रार एकच होती: गाडी बर्फावर चालवल्यासारखी वाटते. या तक्रारीत तथ्य किती? थोडं होतं. पण मोठी अडचण खेळाबाहेरची होती. खऱ्या गाडीत मागचं टोक सुटायला लागलं की ते ड्रायव्हरला आधी कमरेत कळतं, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना कळतं, आणि हात आपसूक उलटे वळतात. घरी बसलेल्याला ते डोळ्यांनी कळतं, म्हणजे उशिरा कळतं. गणित जितकं खरं, तितकी ही उणीव जास्त टोचणार. पंख असलेल्या, रुळावरून धावल्यासारख्या गाड्यांच्या खेळात ती लपून राहते. म्हणून 'लेजंड्स' अवघड वाटला, याचं श्रेय निम्मं तरी त्याच्या प्रामाणिकपणाला द्यायला हवं.

जे चिकटून राहिले त्यांनी मात्र कमाल केली. १९६७ मध्ये नुर्बुर्गरिंगवर जिम क्लार्कची पात्रता फेरीतली वेळ होती ८ मिनिटं ४.१ सेकंद, दुसऱ्या क्रमांकाच्या डेनी हल्मपेक्षा नऊ सेकंदांहून जास्त वेगवान. घरात बसलेले खेळाडू काही काळातच त्याहूनही कमी वेळा नोंदवू लागले. म्हणून ते क्लार्कहून सरस ठरले का? क्लार्कला त्या ट्रॅकवर वर्षातून मोजक्या फेऱ्या मिळत, पाऊस-धुकं असे, कडेला झाडं आणि खड्डे असत. चाकाखालचं रबर संपलं तर नवं फुकट मिळत नसे. घरी बसलेला माणूस तोच वळसा शेकडो वेळा घालतो, हवा नेहमी स्वच्छ, टाकीत पेट्रोल जेमतेम, गाडी फुटली तर एक कळ दाबायची. शिवाय ज्या गाडीचे सेटअप हवे तसे बदलता येतात, तिथे खेळणारे गणितातली भोकं शोधणारच. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवणं, डिफरन्शिअल खऱ्या मेकॅनिकने कधी लावला नसता तसा लावणं, हे सगळं झालं. लॅपची वेळ खऱ्याहून कमी येते, एवढ्यावरून खेळात टायरची पकड जास्त धरली आहे असा निष्कर्ष काढणारे ही गोष्ट विसरतात.

ट्रॅक खोटा असेल तर गाडी खरी असूनही उपयोग नाही. सुरुवातीचे ट्रॅक नकाशे, फोटो आणि टीव्हीवरच्या चित्रणावरून बेतलेले असत. वळणं जागेवर असत, चढउतार आणि खाचखळगे अंदाजाने. पॅपिरस बंद पडल्यावर केमरने उद्योगपती जॉन हेन्रीबरोबर २००४ मध्ये 'आयरेसिंग' उभं केलं आणि २००८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. त्यांनी ट्रॅक लेझरने मोजायला घेतले, मिलिमीटरच्या हिशेबात. डांबरावरचा एक उंचवटा, ज्यावरून गाडी गेली की चाक क्षणभर हलकं होतं, तोही आता जागच्या जागी आला. इटलीत कुनोस सिम्युलाझिओनी या छोट्या कंपनीने तर रोमजवळच्या व्हालेलुंगा ट्रॅकवरच कचेरी थाटली आणि तिथून 'असेत्तो कोर्सा' काढला. गणितात शंका आली तर ट्रॅक समोरच होता.

फॉर्म्युला वनच्या संघांनाही याच सुमारास सिम्युलेटरची गरज भासली, ती नियमामुळे. २००९ पासून मोसम चालू असताना ट्रॅकवर चाचण्या घेण्यावर बंदी आली. पूर्वी आठवड्याला शेकडो किलोमीटर गाडी पळवणारे ड्रायव्हर आता पडद्यासमोर बसू लागले. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे त्याचं आपल्या घरचं उदाहरण. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे पहिली शर्यत झाली. एकाही ड्रायव्हरने त्याआधी त्यावर शर्यत केली नव्हती, पण 'एफ१ २०११' हा खेळ त्याआधी महिनाभर दुकानांत आला होता आणि हा ट्रॅक त्यात होता. भारतातल्या घराघरांतली मुलं सेबॅस्टियन फेटेलच्या आधी त्यावर गाडी पळवत होती. फेटेलने पात्रता फेरीत १ मिनिट २४.१७८ सेकंद अशी वेळ नोंदवून पहिली जागा घेतली आणि शर्यतही जिंकली.

मग उलटा प्रयोग सुरू झाला: खेळातल्याला खऱ्या गाडीत बसवायचं. फिनलंडचा ग्रेगर हुट्टू हा 'लेजंड्स' आणि नंतर 'आयरेसिंग'चा दंतकथा बनलेला खेळाडू. 'टॉप गिअर' मासिकाने त्याला अमेरिकेतल्या रोड अटलांटा ट्रॅकवर स्टार माझ्दा या खऱ्या रेसिंग गाडीत बसवलं. कुठे ब्रेक मारायचा, कुठे वळायचं, हे त्याला पहिल्यापासून अचूक ठाऊक होतं. पण वेग वाढला तसं मानेवर, पोटावर वजन पडू लागलं, उकाडा होताच, आणि त्याला उलटी झाली. डोकं तयार होतं, शरीर नव्हतं. 'ग्रॅन टुरिस्मो' खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडणाऱ्या निसान आणि प्लेस्टेशनच्या 'जीटी अकॅडमी'ने म्हणून विजेत्यांना थेट गाडी न देता आधी कठोर प्रशिक्षण दिलं. २००८ चा विजेता स्पेनचा लुकास ऑर्डोन्येझ २०११ च्या ल मान्समध्ये आपल्या वर्गात दुसरा आला. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये अकॅडमी जिंकून व्यावसायिक झाला. २०१५ मध्ये नुर्बुर्गरिंगच्या एका उंचवट्यावर त्याची गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. मार्डनबरो वाचला आणि पुन्हा शर्यतींत उतरला. २०२३ मध्ये त्याच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला.

२०२० च्या टाळेबंदीत खरे ट्रॅक बंद पडले तेव्हा नॅस्करचे नामांकित ड्रायव्हर 'आयरेसिंग'वर शर्यती करू लागले आणि त्या टीव्हीवर थेट दाखवल्या गेल्या. अनेक अनुभवी मंडळी तिथे चाचपडली. तिथे वारंवार जिंकणाऱ्यांत विल्यम बायरन होता. इतर ड्रायव्हर पाच-सहा वर्षांचे असल्यापासून गो-कार्ट चालवतात. बायरन संगणकावर शिकला आणि पंधरा वर्षांच्या आसपास प्रथम खऱ्या रेसिंग गाडीत बसला. २०२० च्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या औल्टन पार्कवर सिम्युलेटरवरच्या शर्यतींतून आलेला जेम्स बाल्डविन ब्रिटिश जीटी मालिकेतल्या आपल्या पहिल्याच शर्यतीत जोडीदारासह जिंकला. औल्टन पार्क 'रेव्ह्ज'च्या पुढच्या आवृत्तीतही होता.

शरीराला बसणारे धक्के आणि भीती यांची नक्कल अजून कुणाला पुरती जमलेली नाही, आणि घरातल्या खुर्चीत ती जमेल असं दिसत नाही. टायरचं गणित मात्र आता इतकं पुढे गेलं आहे, की ते ज्याच्या हातात बसलं त्याला बाकीचं पुढे शिकता येतं. अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या शर्यतींपैकी एक असलेली डेटोना ५०० ही २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं विल्यम बायरनने जिंकली.